स्टोरेज यंत्रणेतील सुटे भाग सुरक्षितपणे बदलणे: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील सहकारी बँका, पतसंस्था, रुग्णालये, महाविद्यालये, जिनिंग कारखाने आणि दूध संघ येथे स्टोरेज यंत्रणा (अनेक डिस्क एकत्र ठेवून सर्व्हरचा डेटा साठवणारी यंत्रणा) सांभाळणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. पुष्कळ ठिकाणी हे काम पाहणारी व्यक्ती एकच असते आणि प्रिंटरपासून हजेरीच्या यंत्रापर्यंत सगळे तिच्याच गळ्यात असते. तिला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. येथे सांगितलेले आणि आपल्या यंत्रणेच्या उत्पादकाच्या पुस्तिकेत छापलेले यांत फरक आढळला, तर पुस्तिकेचे ऐकावे.

१. यंत्रणा चालू ठेवून कोणकोणते भाग बदलता येतात?

दोन कंट्रोलर (सर्व्हर आणि डिस्क यांच्यामधली देवाणघेवाण सांभाळणारे भाग) असलेल्या बहुतेक यंत्रणांमध्ये डिस्क, पॉवर सप्लाय, पंख्यांचे मॉड्यूल, एसएफपी (फायबर केबल जोडण्याचे छोटे मॉड्यूल) आणि खुद्द कंट्रोलर हे भाग वीज न तोडता बदलता येतात, कारण यांपैकी प्रत्येकाचा जोडीदार त्या वेळी काम ओढत असतो. कंट्रोलरच्या पोटातले भाग, म्हणजे मेमरी किंवा नेटवर्क कार्ड, बदलायचे असतील तर तो कंट्रोलर बाहेर काढावा लागतो, पण यंत्रणा दुसऱ्यावर चालू राहते. ज्यात सगळे भाग खुपसले जातात त्या मधल्या फलकाला, म्हणजे मिडप्लेनला, मात्र जोडीदार नसतो. तो बदलायचा तर सगळे बंद करावे लागते (प्रश्न १६ पाहा) आणि ते काम उत्पादकाच्या अभियंत्यावर सोपवणेच बरे, कारण पुष्कळ यंत्रणांत अनुक्रमांक आणि नेटवर्कवरची ओळख त्याच फलकावर नोंदलेली असते.

२. भागाला हात लावण्यापूर्वी काय तपासावे?

बिघडलेल्या भागापेक्षा उरलेल्या भागांची तपासणी महत्त्वाची आहे. डिस्क बदलायची असेल तर त्याच गटातील बाकीच्या डिस्क निर्दोष आहेत का, पॉवर सप्लाय बदलायचा असेल तर दुसऱ्याचा दिवा हिरवा आहे का आणि कंट्रोलर बदलायचा असेल तर प्रत्येक सर्व्हरचा दुसरा मार्ग जिवंत आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर शेवटचा बॅकअप कधीचा आहे आणि त्यातून एखादी फाइल खरोखर परत मिळते का, ते प्रत्यक्ष काढून पाहावे. रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा अशी डिस्कच्या गटाची रचना) म्हणजे बॅकअप नव्हे, हे माहीत असूनही ही पायरी सर्रास गाळली जाते. यंत्रणेचा संपूर्ण लॉग आणि मांडणीची प्रत स्टोरेजच्या बाहेर, दुसऱ्या संगणकावर, साठवून ठेवावी. वेळ निवडताना आपल्या संस्थेचे वेळापत्रक डोक्यात असावे: पतसंस्थेत मार्चअखेर, जिनिंगमध्ये दसऱ्यानंतरचे खरेदीचे महिने आणि दूध संघात दहा दिवसांचे बिल निघते तो दिवस टाळावा.

३. डिस्कवर केशरी दिवा लागला आहे. ती लगेच ओढून काढू का?

नाही. केशरी दिव्याचे अर्थ एकाहून अधिक असू शकतात. डिस्क पूर्ण निकामी झालेली असेल, ती लवकरच निकामी होईल असा अंदाज यंत्रणेने वर्तवलेला असेल, किंवा त्या डिस्कवर रिबिल्ड, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून डेटा पुन्हा उभा करणे, चालू असेल. अंदाजाच्या वेळी डिस्क अजून वाचता येत असते आणि बऱ्याच यंत्रणा तिच्यावरचा डेटा हॉट स्पेअरवर, म्हणजे आधीच बसवून ठेवलेल्या राखीव डिस्कवर, थेट उतरवून घेऊ शकतात. ती नक्कल पूर्ण होऊ देणे हे डिस्क ओढून मग गणिताने डेटा पुन्हा उभा करण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. म्हणून दिव्याआधी स्क्रीनवरचा संदेश शब्दशः वाचावा.

दुसरी गोष्ट ओळखीची. अनेक यंत्रणा स्लॉटची मोजणी शून्यापासून करतात, त्यामुळे स्क्रीनवरचा "स्लॉट ४" हा डोळ्यांना पाचवा दिसतो. एका कारखान्याच्या कार्यालयात, बाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, मी स्वतः घाईघाईने बोटाने मोजून चौथी डिस्क काढली आणि त्याच गटातली एक धडधाकट डिस्क हातात आली. गट रेड ६ चा होता, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी तग धरणारा होता, म्हणून निभावले. रेड ५ असता तर त्याच क्षणी सगळे बंद पडले असते. तेव्हापासून मी तीन खुणा जुळल्याशिवाय हात घालत नाही: व्यवस्थापनाच्या स्क्रीनवरचा स्लॉट क्रमांक, स्क्रीनवरून मुद्दाम लुकलुकवलेला शोधदिवा आणि, तोपर्यंत लेबल दिसत असेल तर, डिस्कचा अनुक्रमांक. शक्य असल्यास एकाने क्रमांक वाचावा आणि दुसऱ्याने बोट ठेवावे.

४. डिस्क काढण्याची आणि बसवण्याची योग्य रीत कोणती?

खटका उघडून डिस्क साधारण दोन ते तीन सेंटिमीटर, म्हणजे मागची जोडणी सुटेल इतकीच, बाहेर घ्यावी आणि तिथेच थांबावे. आतल्या तबकड्या वीज तुटल्यावरही काही काळ फिरत राहतात, आणि फिरत्या डिस्कला तिरके केले किंवा धक्का दिला तर ती कायमची बिघडते. ३० ते ६० सेकंद थांबून मग ती दोन्ही हातांनी सरळ बाहेर काढावी. ती डिस्क निकामीच आहे, मग जपायची कशाला, असा प्रश्न येतो; प्रश्न १८ मधील प्रसंग ओढवला तर तीच डिस्क डेटा वाचवण्याच्या कामी येते, म्हणून जपायची. नवी डिस्क खटका पूर्ण उघडा ठेवून आत सरकवावी, ती टेकल्यावर खटका मिटवावा आणि जोर करू नये. अडली तर बाहेर काढून पाहावे, ठोकू नये. रिकामा झालेला स्लॉट फार वेळ उघडा ठेवू नये; त्याचे कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

५. बाजारातून त्याच आकाराची डिस्क आणून बसवली तर चालेल का?

बहुधा नाही. क्षमता जुन्या डिस्कइतकी किंवा अधिक असणे ही केवळ पहिली अट आहे. एकाच टेराबाइटच्या दोन डिस्कमध्ये सेक्टरची संख्या थोडी कमी भरली तरी यंत्रणा ती नाकारते. जोडणी सॅस, साटा की एनव्हीएमई, फिरती की फ्लॅश, सेक्टर ५१२ बाइटचा की ४,०९६ बाइटचा, हे सगळे जुळावे लागते. काही यंत्रणा ५२० बाइटचा सेक्टर वापरतात आणि त्यात दुकानातली डिस्क दिसतच नाही किंवा वापरता येत नाही. बरेच उत्पादक आपले फर्मवेअर, म्हणजे भागातच बसवलेले सॉफ्टवेअर, असलेलीच डिस्क स्वीकारतात. म्हणून जुन्या डिस्कवरील सुट्या भागाचा क्रमांक, म्हणजे पार्ट नंबर, देऊनच मागणी करावी. दुसऱ्या यंत्रणेत वापरलेली डिस्क हाती आली तर तिच्यावर जुन्या गटाची माहिती शिल्लक असते. अशा वेळी यंत्रणेने "परकी मांडणी आयात करू का" असे विचारल्यास होकार देऊ नये.

६. रिबिल्डला किती वेळ लागतो आणि त्या काळात काय करू नये?

हिशेब सोपा आहे. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने अखंड लिहीत राहिली, तर ८०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २२ तास लागतात. प्रत्यक्षात त्याच वेळी कार्यालयाचे कामही चालू असते, त्यामुळे दोन-तीन दिवस लागले तरी बिघाड झाला असे समजू नये. या काळात गटातील उरलेल्या सगळ्या डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचल्या जातात, आणि त्या बहुधा गेलेल्या डिस्कसोबतच खरेदी झालेल्या, तितक्याच वयाच्या असतात. रेड ५ चा खरा धोका येथे आहे: एक डिस्क गेल्यावर त्याच्याकडे दुसरा आधार उरत नाही, आणि वाचताना एखादा सेक्टर हाती लागला नाही तर तो भाग भरून काढायला काहीच नसते. मोठ्या डिस्कच्या गटासाठी मी रेड ६ किंवा त्याच्या तोडीची रचनाच सुचवतो, मग एका डिस्कची जागा गेली तरी हरकत नाही.

रिबिल्ड चालू असताना फर्मवेअर बदलू नये, दुसरा कोणताही भाग काढू नये, यंत्रणा पुन्हा सुरू करून पाहू नये. रात्रीचा संपूर्ण बॅकअप पुढे ढकलावा की नाही, यावर मतभेद आहेत. रेड ५ वर शेवटचा बॅकअप जुना असेल तर मी रिबिल्डचा वेग कमी करून आधी महत्त्वाच्या डेटाचा बॅकअप घेतो.

७. पॉवर सप्लाय बदलताना काय जपावे?

आधी त्याच पॉवर सप्लायची केबल काढावी, मग खटका दाबून तो बाहेर घ्यावा, आणि नवा पूर्ण बसल्यावरच केबल जोडावी. नवा भाग त्याच वॅटचा आणि त्याच प्रकारचा असावा. खरी अडचण बहुतेक ठिकाणी वेगळीच सापडते: दोन पॉवर सप्लाय आहेत, पण दोन्हींच्या पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डात आहेत. मग दोन असून उपयोग काय? एक यूपीएसच्या एका वाहिनीवर आणि दुसरा स्वतंत्र वाहिनीवर असावा. दुसरा यूपीएस नसेल तर निदान वेगळ्या एमसीबीवरून घ्यावा. बदलाच्या दिवशी महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची सूचना दिलेली नाही ना, हेही पाहून घ्यावे.

८. पंख्याचे मॉड्यूल बदलायला वेळ लागला तर काय होते?

स्टोरेजच्या आतला वारा समोरून मागे असा ठरलेल्या वाटेने जातो. एक मॉड्यूल काढले की ती वाट मोडते आणि वारा मोकळ्या भोकातून आखूड मार्गाने निघून जातो, त्यामुळे उरलेले पंखे पूर्ण वेगाने फिरूनही आतला भाग तापतो. पुष्कळ यंत्रणा काही मिनिटांनी स्वतःला बंद करून घेतात. नेमकी मुदत पुस्तिकेत दिलेली असते. म्हणून नवे मॉड्यूल खोक्यातून काढून हातात घेतल्याशिवाय जुने काढू नये. डिस्कचा रिकामा स्लॉट आणि काढलेला पॉवर सप्लाय यांनाही हेच लागू आहे, आणि भाग यायला उशीर होणार असेल तर निकामी भाग जागेवरच राहू द्यावा.

आपल्याकडे वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा ही मुदत आणखी आखडते. सर्व्हर खोलीत यंत्राच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमान असावे अशी वातानुकूलन अभियंत्यांच्या अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस आहे. एसी बंद पडला म्हणून खिडकीतला पाण्याचा कूलर आत वळवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो ओलावा आणि धूळ दोन्ही आत आणतो, म्हणून त्यापेक्षा अनावश्यक सर्व्हर बंद करावेत. जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू पुढच्या जाळीवर बसतात. ती जाळी हंगामात दर आठवड्याला पाहावी. साफ करताना कोरडा ब्रश वापरावा आणि फुंकर किंवा हवेचा झोत आतल्या दिशेने मारू नये.

९. मनगटाला पट्टा बांधणे खरोखर आवश्यक आहे का?

आहे, आणि आपल्याकडे फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत तर नक्कीच. माणसाला अंगातून निघणारी ठिणगी जाणवते ती साधारण ३,००० व्होल्टच्या आसपास, पण मेमरी आणि कंट्रोलरवरील काही घटक १०० व्होल्टपेक्षाही कमी दाबाने दुखावतात. म्हणजे आपल्याला काहीच जाणवले नाही तरी इजा झालेली असू शकते, आणि ती कधीकधी महिन्याने उघडकीस येते. हवा कोरडी असली की टेरिकॉटचा सदरा, प्लॅस्टिकची खुर्ची आणि रबरी चप्पल यांनी अंगावर भार साठतो. पट्ट्यात एक मेगाओहमचा रोध असतो. तो माणसाला विजेच्या धक्क्यापासून जपतो, म्हणून पट्ट्याऐवजी साधी तार गुंडाळू नये. पट्ट्याचे दुसरे टोक रॅकच्या रंग नसलेल्या धातूला लावावे, आणि नवा भाग बसवण्याच्या क्षणापर्यंत त्याच्या चंदेरी पिशवीतच ठेवावा.

पुष्कळदा पट्टा लावूनही उपयोग होत नाही, कारण रॅकचेच अर्थिंग बिघडलेले असते. काळी जमीन उन्हाळ्यात वाळून तिला भेगा पडल्या की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. त्या दिवसांत खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि वर्षातून एकदा, भर उन्हाळ्यात, परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून रोध मोजून घ्यावा. पावसाळ्यात मोजलेला आकडा चांगलाच येतो, त्यावर विसंबू नये.

१०. एसएफपी किंवा फायबर केबल बदलताना काय काळजी घ्यावी?

केबलच्या किंवा एसएफपीच्या तोंडात डोकावू नये. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोपण शेवटच्या क्षणी काढावे, टोक बोटाने पुसू नये आणि फायबर टोकदार वाकवू नये. काढण्याआधी दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी.

११. कॅशच्या बॅटरीचा इशारा येतो, पण यंत्रणा चालू आहे. थांबले तर चालेल का?

डेटा आत्ता धोक्यात नसतो, पण काम मंदावते. अनेक यंत्रणा बॅटरी कमकुवत झाली की कॅशमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या वेगवान तात्पुरत्या मेमरीत, लिहून पुढे जाण्याचे थांबवतात आणि प्रत्येक नोंद डिस्कवर पोहोचेपर्यंत वाट पाहतात. "काउंटरवर सॉफ्टवेअर हळू झाले" ही तक्रार पुष्कळदा येथून सुरू होते. लिथियम बॅटरी काही वर्षांतच थकते आणि गरम खोलीत आणखी लवकर. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. जुनी बॅटरी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार परत द्यावी लागते, ती भंगारात टाकू नये.

१२. कंट्रोलर बदलताना सर्व्हर बंद पडणार नाहीत याची खात्री कशी करावी?

प्रत्येक सर्व्हरवर मल्टिपाथची, म्हणजे स्टोरेजकडे जाणाऱ्या एकाहून अधिक मार्गांची, स्थिती उघडून दोन्ही कंट्रोलरकडे जाणारे मार्ग जिवंत असल्याचे डोळ्यांनी पाहावे. एखादा जुना सर्व्हर कोणी तरी कधी तरी एकाच केबलने जोडलेला असतो आणि तोच नेमका हिशेबाचा निघतो. त्यानंतर व्यवस्थापनाच्या स्क्रीनवरून तो कंट्रोलर रीतसर कामातून बाजूला करावा, त्याचे काम जोडीदाराकडे गेले का ते पाहावे, आणि "आता काढता येईल" असा दिवा किंवा संदेश आल्यावरच केबलींना चिठ्ठ्या लावून तो बाहेर घ्यावा. काही यंत्रणांत जुन्या कंट्रोलरमधील मेमरी, बॅटरी किंवा कार्ड नव्यात हलवायचे असते. नव्याचे फर्मवेअर बहुतेक वेळा जोडीदाराकडून आपोआप जुळवले जाते, पण दोन्हींत फार अंतर असल्यास तसे होत नाही, म्हणून आवृत्ती आधीच विचारून घ्यावी. फायबर चॅनेलची (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या नेटवर्कवरची) ओळख कंट्रोलरशी बांधलेली असेल तर त्या नेटवर्कच्या स्विचमधील झोनिंगही, म्हणजे कोणी कोणाशी बोलावे याची मांडणी, बदलावे लागते. एकच कंट्रोलर चालू असेपर्यंत गती कमी राहते. कॅशची प्रत ठेवायला जोडीदार नसतो, म्हणून प्रश्न ११ प्रमाणेच प्रत्येक नोंद डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबावे लागते.

१३. निकामी डिस्क कंपनीला परत द्यावी लागते. तिच्यावरच्या डेटाचे काय?

निकामी डिस्कवरूनही डेटा काढता येतो. कोणाच्या खात्याची किंवा आजाराची माहिती तिच्यावर असेल, तर डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेऊन करार करतानाच "निकामी डिस्क आमच्याकडे राहील" अशी अट घालावी. त्याचे थोडे जास्त पैसे पडतात. डिस्क स्वतःला कूटबद्ध करणारी असेल तर किल्ली नष्ट करणे पुरते. तशी नसेल तर ती फोडावी किंवा चिरडावी. लोहचुंबकाच्या यंत्राने फ्लॅश डिस्क पुसली जाते, हा गैरसमज अजून टिकून आहे; ती तशी पुसली जात नाही. तुकडे नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडे द्यावेत आणि अनुक्रमांकासह पावती घ्यावी.

१४. कोणते सुटे भाग जवळ ठेवावेत?

"पुढच्या कामकाजाच्या दिवशी" हा करारातील शब्द मुंबई-पुण्यात वेगळा आणि अक्कलकुवा किंवा धडगावात वेगळा असतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी नोंदवलेल्या तक्रारीचा पुढचा दिवस सोमवार असतो. म्हणून प्रत्येक प्रकारची निदान एक डिस्क कपाटात, गटात हॉट स्पेअर असला तरी, आणि शक्य असल्यास एक पॉवर सप्लाय ठेवावा. कंट्रोलर विकत घेऊन ठेवणे बहुतेकांना परवडत नाही आणि त्याचे फर्मवेअर पडून पडून जुने होते. बाहेरून आलेला भाग खोक्यासकट सर्व्हर खोलीत काही तास ठेवून मगच उघडावा. पावसाळ्यात थंड भाग दमट हवेत उघडला तर त्यावर दव धरते.

१५. निकामी डिस्क काढून पुन्हा बसवली, तर ती हिरवी झाली. आता बदलायला हवी का?

हवी. पुन्हा बसवल्यावर डिस्क नव्याने सुरू होते आणि जुना दोष तात्पुरता दिसेनासा होतो, पण रिबिल्डचा ताण आला की ती बहुधा पुन्हा पडते. केवळ जोडणी सैल असल्याचे लॉगमध्ये स्पष्ट दिसत असेल, तर हा नियम बाजूला ठेवता येईल.

१६. पूर्ण यंत्रणा बंद करावी लागली तर क्रम कोणता?

आधी सॉफ्टवेअर आणि डेटाबेस, मग सर्व्हर, मग स्क्रीनवरून आज्ञा देऊन कंट्रोलर, त्यानंतर जोडलेले डिस्कचे खण आणि शेवटी नेटवर्कचे स्विच बंद करावेत. सुरू करताना उलट क्रम: स्विच, डिस्कचे खण, सर्व डिस्क फिरू लागल्यावर कंट्रोलर, आणि स्टोरेज पूर्ण तयार झाल्यावरच सर्व्हर. वर्षानुवर्षे न थांबलेल्या जुन्या डिस्क थंड झाल्यावर कधीकधी पुन्हा फिरत नाहीत, म्हणून बंद करण्याआधी दोन सुट्या डिस्क हाताशी असाव्यात.

१७. नवा भाग बसवला तरी इशाऱ्याचा दिवा विझत नाही. काय करावे?

प्रथम थांबावे. बॅटरी चार्ज होईपर्यंत आणि डिस्कचा रिबिल्ड संपेपर्यंत इशारा राहणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही राहिला तर जुनी नोंद स्क्रीनवरून हाताने मिटवावी लागते का ते पाहावे. नवा भागही निकामी म्हणून दाखवला जात असेल, तर दोष भागात नसून स्लॉटमध्ये असू शकतो. अशा वेळी तिसरा भाग मागवू नये, लॉग पाठवावा.

१८. एकाच वेळी अनेक डिस्क निकामी दिसू लागल्या आहेत. सगळ्या बदलायच्या का?

एकही बदलू नये. एकाच खणातल्या सगळ्या डिस्क एका मिनिटात मरत नाहीत. त्या खणाची केबल, आयओ मॉड्यूल (खणाला कंट्रोलरशी जोडणारा भाग) किंवा वीज गेलेली असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. त्या खणाची केबल दोन्ही टोकांना नीट बसली आहे का आणि पॉवर सप्लायचे दिवे लागले आहेत का, एवढेच पाहावे. डिस्क खरोखर वेगवेगळ्या वेळी गेल्या असतील, तर त्या कोणत्या क्रमाने गेल्या हे लॉगमधून लिहून काढावे, कारण सगळ्यात शेवटी गेलेल्या डिस्कवरचा डेटा ताजा असतो आणि आधी गेलेल्या डिस्कवरचा शिळा. शिळी डिस्क जबरदस्तीने गटात घेतली तर फाइली उघडतात, पण आतला मजकूर विस्कटलेला असतो. नवा गट तयार करणे, आरंभीकरण करणे किंवा फाइल प्रणाली दुरुस्त करण्याची आज्ञा देणे यांपैकी काहीही करू नये. डिस्कची अदलाबदल न करता प्रत्येकीवर स्लॉट क्रमांकाची चिठ्ठी चिकटवावी, वीज बंद-चालू करण्याआधी लॉगचा संच उतरवून घ्यावा आणि तो उत्पादकाच्या मदतकेंद्राला पाठवून त्यांच्या उत्तराची वाट पाहावी, मग व्यवस्थापक शेजारी उभे राहून कितीही घाई करोत.